लागला का?

मोटारसायकलचा प्रत्येक भाग चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर किंवा निदान हातापायांखाली असतो. एकटा ब्रेक लाइट मात्र मालकाच्या खर्चाने, मालकाच्या बॅटरीवर आणि मालकाच्याच पाठीमागे केवळ परक्यांसाठी लागतो. त्यामुळे तो बंद पडल्याची बातमी मालकाला सर्वांत शेवटी कळते, आणि ती देणारा माणूस सहसा प्रसन्न मनःस्थितीत नसतो. मला ती सिग्नलपाशी कळली. मागून येणाऱ्या एका गृहस्थांनी आपली गाडी माझ्या मडगार्डपासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबवली, मग ती माझ्या शेजारी आणली, हेल्मेटची काच वर केली आणि विचारले, "अहो, थांबायचं असेल तर मागच्याला सांगायची काही पद्धत असते की नाही?" आपण ती पद्धत पाळतच आहोत, असा माझा प्रामाणिक समज होता. "ब्रेक लाइट लागत नाही तुमचा!" हे वाक्य त्यांनी सिग्नल हिरवा होता होता माझ्याकडे भिरकावले आणि ते निघून गेले. किती दिवसांपासून मी असा मुक्याने थांबत आलो होतो, याचा हिशेब मी घरी पोचेपर्यंत करत राहिलो, आणि त्या वाटेवर ब्रेक दाबण्याचे शक्यतो टाळले.

गाडीचे काम स्वतःच्या हाताने करणाऱ्या माणसांविषयी मला पूर्वीपासून आदर आहे, आणि तो आदर दुरूनच व्यक्त करावा एवढी समजही आहे. परंतु ब्रेक लाइट म्हणजे एक बल्ब, दोन स्विच आणि चार वायरी. त्यासाठी गाडी गॅरेजमध्ये नेणे म्हणजे शर्टाचे बटण लावायला शिंप्याकडे जाण्यासारखे आहे, असे मला वाटले. पुढे जे घडले ते पाहता, शिंप्याकडे जाण्यात कमीपणा काय होता, हे मला आता आठवत नाही.

पहिली अडचण दुरुस्तीची नव्हती, तर बघण्याची होती. ब्रेक दाबण्यासाठी माणूस पुढे असावा लागतो आणि लाइट बघण्यासाठी तोच माणूस मागे असावा लागतो. आरशात पाहावे तर मोटारसायकलच्या आरशात स्वतःच्या कोपरांखेरीज फारसे काही दिसत नाही. एका हाताने लिव्हर दाबून धरत कमरेतून मागे वळण्याचा प्रयत्न मी केला, तेव्हा गाडी स्टँडवर किंचित डोलली आणि मला तो विचार सोडून द्यावा लागला. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करावी आणि अंधारात भिंतीवर पडणारा तांबडा उजेड पाहावा, ही युक्ती खरी आहे. परंतु भिंतीवर आधीपासून एक मिणमिणता तांबडा उजेड होता, आणि ब्रेक दाबल्यावर तो वाढला की माझ्या आशेनेच तो मला वाढल्यासारखा दिसला, हे ठरवता येईना. साक्षीदाराची गरज होती. घरात मोकळी व्यक्ती एकच होती, ती म्हणजे माझी दहा वर्षांची मुलगी.

"लागला का?" मी पुढून विचारले.

"लागलाय," ती म्हणाली.

मी अजून ब्रेक दाबलाच नव्हता. मग मी तिला समजावून सांगितले की मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात. एक 5 वॉटची, जी गाडीचे दिवे चालू असेपर्यंत सतत जळत राहते, आणि दुसरी 21 वॉटची, जी फक्त ब्रेक दाबल्यावर पेटते. पहिली लागलेली आहे हे आपल्याला माहीत आहे. प्रश्न दुसरीचा आहे. मुलीने मान डोलावली. मी लिव्हर दाबली.

"आता लागला का?"

"आता गेला."

"गेला नाही गं, लागला का ते सांग."

"बाबा, तू दाबलंस की जातो आणि सोडलंस की परत येतो."

साक्षीदार अल्पवयीन असल्यामुळे तिच्या जबानीवर कितपत विसंबावे, असा विचार मी केला. ब्रेक दाबल्यावर लाइट लागतो किंवा लागत नाही. दाबल्यावर असलेला लाइटही जातो, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? ती दाबणे आणि सोडणे यांत गल्लत करत असावी, असा निर्वाळा देऊन मी ती साक्ष फेटाळली आणि तिला घरात पाठवून पत्नीला बोलावले. तिने "लागत नाही" एवढेच सांगितले. मला हवे होते तेच उत्तर मिळाल्यामुळे ते मी ग्राह्य धरले.

या काळात आमचे एकमेकांना ओरडून विचारणे बरेच दूरवर ऐकू जात असावे. "लागला का?", "नाही लागला!", "आता तरी?", "अजून नाही!" असे अर्धा तास चालल्यावर वरच्या मजल्यावरून एका आजींनी काळजीने विचारले, "कुणाचा निकाल लागायचा आहे हो?"

सुरुवात बल्बपासून केली. काचेचे झाकण धरून ठेवणारे दोन स्क्रू काढले, बल्ब आत दाबून डावीकडे फिरवला आणि बाहेर घेतला. उजेडासमोर धरल्यावर दोन्ही तारा शाबूत दिसल्या, त्यामुळे मी थोडा निराश झालो, कारण तुटलेली तार म्हणजे पाच मिनिटांचे काम असते. तरीही नवा बल्ब आणलाच. या बल्बच्या पितळी बुडाला दोन बाजूंना दोन बारीक कान असतात आणि ते मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर बसवलेले असतात, म्हणजे 5 वॉटची आणि 21 वॉटची तार यांची अदलाबदल होऊ नये. हे ज्ञान मला बल्ब उलटा घालून, अंगठ्याच्या टोकाला खाच पडेपर्यंत दाबून झाल्यावर प्राप्त झाले. नवा बल्ब जुन्याइतक्याच शांतपणे बंद राहिला.

फ्यूज पाहिला, तो बरा होता. तसा तो न पाहताही चालला असता, कारण माझ्या गाडीत हॉर्न त्याच फ्यूजवर आहे आणि हॉर्न वाजत होता, हे आजींनीही खिडकीतून सांगितले.

मग स्विचकडे वळलो. पुढच्या ब्रेकच्या लिव्हरखाली नखाएवढा एक स्विच असतो. लिव्हर ओढली की तो 'टिक' असा आवाज करतो, आणि माझा तो अगदी नियमाने टिकटिकत होता. मागच्या ब्रेकचा स्विच पेडलजवळ एका पत्र्याच्या पट्टीत बसवलेला असतो, आणि एक बारीक स्प्रिंग त्याला पेडलशी बांधून ठेवते. पेडल दाबले की स्प्रिंग ताणली जाते, स्विचची कांडी ओढली जाते आणि आतली जोडणी पूर्ण होते. हा स्विच वरखाली करण्यासाठी त्यावर एक प्लास्टिकचा नट असतो. स्विच वर घेतला की लाइट लवकर लागतो आणि खाली सोडला की उशिरा. माझा लाइट मुळीच लागत नसल्यामुळे तो फारच उशिरा लागण्याच्या स्थितीत असावा, असा निष्कर्ष काढून मी नट दोन वेढे फिरवला. काही झाले नाही. आणखी दोन फिरवले. नंतर मोजणे सोडले आणि आटे संपेपर्यंत फिरवत गेलो. वास्तविक पुढचा आणि मागचा स्विच एकमेकांवर अवलंबून नसतात, कोणताही एक दाबला तरी लाइट लागायला हवा; तेव्हा दोघेही एकाच दिवशी संपावर गेले असे मानण्यापेक्षा, त्यांच्या वाटा जिथे एक होतात तिथून पुढे शोधावे, हे तर्कशास्त्र मला नट फिरवून झाल्यावर सुचले.

संध्याकाळी एका मित्राकडून मल्टिमीटर आणला. बल्ब काढून होल्डरमध्ये एक टोक ब्रेकच्या कॉन्टॅक्टला आणि दुसरे होल्डरच्या पत्र्याला लावले आणि पत्नीला पेडल दाबायला सांगितले. तिने ते दाबले की नाही हे विचारण्याची वेळच आली नाही, कारण मीटरवर 12.4 व्होल्ट आधीच आलेले होते. म्हणजे करंट बल्बपर्यंत पोचत होता. मग बल्ब हातात घेऊन दोन वायरींनी थेट बॅटरीला लावून पाहिला, तर तो असा लख्ख पेटला की माझे डोळे दिपले. बल्ब चांगला होता, होल्डरमध्ये 12.4 व्होल्ट होते, आणि दोघांना एकत्र आणले की काळोख. पत्रिका उत्तम जुळूनही जे बोलत नाहीत अशा जोडप्याकडे पाहावे तसा मी त्या दोघांकडे बराच वेळ पाहत बसलो. तिथून जाणाऱ्या एका तरुणाने एलईडीचा दिवा बसवण्याचा सल्ला दिला. एलईडी साध्या बल्बपेक्षा सुमारे 0.2 सेकंद आधी पूर्ण उजळतो, आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारी मागची गाडी तेवढ्या वेळात 3.3 मीटर अंतर कापते, हेही त्याने सांगितले. मला त्या वीतभर अंतरावर थांबलेल्या गृहस्थांची आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका आले. त्यांची हयात वायरिंगच्या कामात गेली आहे, आणि आता ते फक्त इतरांची कामे बघतात व मान हलवतात. माझी सर्व हकिकत त्यांनी न बोलता ऐकून घेतली.

"अर्थ बघितलीस?" त्यांनी विचारले. अर्थ म्हणजे बल्बमधून गेलेला करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी.

"पण काका, होल्डरला 12.4 व्होल्ट येतायत."

"नळाला पाणी आहे का, ते चार वेळा बघितलंस. मोरी तुंबलीय का ते कुणी बघायचं?"

मग त्यांनी मीटर हातात घेतला आणि बल्ब होल्डरमध्येच बसवून ठेवायला सांगितला. एक टोक होल्डरच्या पत्र्याला आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावले. हे दोन्ही बिंदू एकच असायला हवेत, त्यामुळे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवे. मी ब्रेक दाबला, आणि मीटरवर 9 पेक्षा अधिक व्होल्ट आले. बल्बच्या वाट्याचा सगळा जोर परतीच्या वाटेवरच संपत होता. मल्टिमीटर नगण्य करंट ओढतो, म्हणून बल्ब काढलेला असताना त्याला ती खराब वाट खराब असल्याचे कळलेच नव्हते. 5 वॉटच्या तारेला अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट लागतो, तेवढा तिथून कसाबसा जात होता आणि तार मिणमिणत होती. 21 वॉटची तार मात्र 1.75 अँपिअर मागते. तिने मागणी केली की ती वाट कोलमडायची, आणि दोन्ही तारांची अर्थ एकच असल्यामुळे धाकटीचाही उजेड जायचा.

"म्हणजे दाबलं की जातो," मी म्हणालो.

"अरे, हे आधी कळलं असतं तर मीटरसुद्धा लागला नसता," काका म्हणाले. मुलगी तिथेच उभी होती. ती काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्याला दहाच्या मानाने फार अनुभव होता.

मागच्या मडगार्डच्या आत हात घालून काकांनी काळी वायर माग काढत नेली. ती चौकटीला एका छोट्या बोल्टने जोडलेली होती. वायरच्या टोकाची पितळी चकती कधीकाळी पिवळी असावी. आता तिच्यावर हिरवट पूड साचलेली होती, बोल्टला तांबूस गंज होता, आणि दोहोंच्या मध्ये वाळलेल्या चिखलाची एक पातळ पोळी इतकी सुबक बसली होती की ती कंपनीनेच घातली आहे असे वाटावे. काकांनी ती नखाने काढून माझ्या तळहातावर ठेवली. पॉलिश पेपरने चकती आणि चौकटीवरची जागा चकाकेपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून थोडे ग्रीस लावले. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. एलईडीचा सल्ला मी त्यांच्या कानावर घातला, तेव्हा ते म्हणाले, "लावला असतास तर लागलाही असता. त्याला करंट कमी पुरतो. रोग तसाच राहिला असता आणि तू पेढे वाटले असतेस."

चाचणीसाठी मुलगी पुन्हा मागे उभी राहिली. मी किल्ली फिरवली.

"लागला!" ती ओरडली. "काय लख्ख लागलाय!"

माझा हात अजून लिव्हरपर्यंत पोचलाही नव्हता. परंतु आनंदाच्या भरात मुले अशी घाई करतात, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले, रीतसर ब्रेक दाबला आणि विचारले, "आता?" ती म्हणाली, "आताही लागलाय." वरच्या खिडकीतून आजींनी अभिनंदन केले. काकांनी हात धुतले आणि मान न हलवता ते घरी गेले, हा मी माझा गौरव समजतो.

त्यानंतरचा अख्खा दिवस मी सकारण आणि अकारण ब्रेक दाबत गाडी चालवली. सायंकाळी सिग्नल सुटल्यावर बराच वेळ मागे राहिलेले एक गृहस्थ अखेरीस शेजारी आले. चेहरा आणि हेल्मेट निराळे होते, परंतु स्वर तोच होता.

"अहो, पेडलवरचा पाय काढा की जरा! मघापासून बघतोय, तुम्ही थांबताय की चाललाय तेच कळत नाही."

माझा पाय पेडलवर नव्हता. तो कुठे आहे हे खाली वाकून पाहताना मला पत्र्याच्या पट्टीतला तो प्लास्टिकचा नट आणि आटे संपेपर्यंत वर चढवलेला स्विच दिसला, आणि त्या स्विचला बांधलेली स्प्रिंग वीणेच्या तारेसारखी ताठ दिसली.

घरी येऊन मी पाना काढला आणि मुलीला हाक मारली. ती दारापर्यंत आली, माझ्या हातातल्या पान्याकडे तिने एकदा पाहिले, "बाबा, मी सकाळीच सांगितलं होतं," असे म्हणाली आणि दार लावून घेतले.