एडिसनमधल्या मिडल स्कूलची तुलना: दहापैकी किती, हा आकडा आधी बाजूला ठेवा

घर बघायचा सीझन आला की न्यू जर्सीतल्या मराठी ग्रुप्सवर तोच प्रश्न फिरायला लागतो. एडिसनमध्ये जॉन ॲडम्स चांगली की वुड्रो विल्सन? हर्बर्ट हूव्हर किंवा थॉमस जेफरसनच्या हद्दीत घर मिळतंय, घ्यावं का? उत्तर म्हणून कुणीतरी झिलो या घरं शोधायच्या साइटवर दिसणारं ग्रेटस्कूल्सचं दहापैकी रेटिंग टाकतं आणि चर्चा तिथेच संपते. माझं स्पष्ट मत आहे, नुसत्या त्या रेटिंगवर घराचा निर्णय घेऊ नका.

चारही शाळा सहावी ते आठवीच्या. बोर्ड ऑफ एज्युकेशन एकच, शिक्षकांची पगारश्रेणी एकच, शाळेसाठीच्या टॅक्सचा दरही एकच. असं असताना रेटिंगमध्ये जो फरक दिसतो, त्यातला बराचसा शाळेत येणाऱ्या मुलांमुळे पडतो: घरचं उत्पन्न, घरी बोलली जाणारी भाषा, संध्याकाळी कुमॉन किंवा रशियन मॅथच्या शिकवणीला जाणारी मुलं किती. शाळा स्वतः काय करते, हे शोधायचं तर न्यू जर्सीच्या शिक्षण खात्याचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. समरी नको, डिटेल्ड घ्या.

त्यात आधी स्टुडंट ग्रोथ पर्सेंटाइल बघा. आधीच्या परीक्षांमध्ये ज्यांचे गुण साधारण सारखे होते, अशा राज्यभरातल्या मुलांशी प्रत्येक मुलाच्या प्रगतीची तुलना करतात आणि शाळेचा मधला आकडा देतात. 40 ते 59.5 म्हणजे अपेक्षेइतकी प्रगती. एखाद्या शाळेत 80 टक्के मुलं पास, पण ग्रोथ 42. दुसरीत 60 टक्के पास आणि ग्रोथ 61. मला विचाराल तर दुसऱ्या शाळेतले शिक्षक जास्त काम करताहेत. एक लक्षात ठेवा, गणिताची ग्रोथ फक्त सातवीपर्यंत मोजतात, इंग्रजीची आठवीपर्यंत. आणि एका वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका, तीन वर्षं शेजारी ठेवा. 2020 आणि 2021 च्या वसंतात एनजेएसएलए, म्हणजे राज्याची वार्षिक परीक्षा, झालीच नाही, त्यामुळे त्याआधीच्या आकड्यांशी सरळ रेघ जोडता येत नाही.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ती जागा, आठवीचं गणित. आठवीत अल्जिब्रा वन घेणारी मुलं आठवीच्या गणिताची एनजेएसएलए देतच नाहीत, ती अल्जिब्रा वनची देतात. म्हणजे गणितात पुढे असलेली मुलं 'ग्रेड 8 मॅथ'च्या ओळीतून बाहेर पडतात आणि ती ओळ भयंकर दिसते.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. 'क' शाळेत आठवीत 300 मुलं. त्यातली 120 अल्जिब्रात, त्यातली 108 पास. उरलेल्या 180 पैकी 54 पास, म्हणजे 30 टक्के. 'ख' शाळेतही 300, पण अल्जिब्रात फक्त 60, पास 57. उरलेल्या 240 पैकी 96 पास, म्हणजे 40 टक्के. रिपोर्टमध्ये आठवीच्या ओळीवर 'ख' दहा टक्क्यांनी पुढे. अल्जिब्राच्या ओळीवरही ती पुढे, 95 विरुद्ध 90. पण दोन्ही ओळी एकत्र केल्या की 'क'ची 162 मुलं पास, 'ख'ची 153. दोन्ही ओळींत मागे दिसणारी शाळा प्रत्यक्षात पुढे आहे, आणि दुप्पट मुलांना अल्जिब्रापर्यंत नेते आहे. म्हणून टक्के वाचण्याआधी परीक्षा किती मुलांनी दिली तो रकाना वाचा. सातवीतली काही मुलं अल्जिब्रात असतील, तर ती आठवीच्या बेरजेत धरू नका.

याचा पुढे फार मोठा परिणाम होतो. आठवीत अल्जिब्रा वन, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत एपी कॅल्क्युलस, अशी ती साखळी आहे. त्यामुळे शाळेत फोन केलात तर हे नेमकं विचारा: वरच्या गणिताच्या वर्गासाठी निवड कोणत्या इयत्तेच्या शेवटी होते, कशावर होते, आणि भारतातून मधल्या वर्षी आलेल्या मुलाची प्लेसमेंट टेस्ट कधी घेतात. तिसरा प्रश्न बहुतेक आईवडील विचारतच नाहीत आणि मूल वर्षभर येत असलेलंच गणित पुन्हा करत बसतं.

गैरहजेरीचा आकडाही बघा. 10 टक्के किंवा जास्त दिवस न येणारी मुलं त्यात मोजतात, 180 दिवसांच्या वर्षात 18 दिवस. डिसेंबरात पाच आठवडे पुण्याला जाण्याचा बेत असेल तर तुमचंही मूल त्याच यादीत जाऊ शकतं.

घर घेताना पुढचं हायस्कूल कोणतं, हा मुद्दा मात्र खरा आहे. ॲडम्स आणि विल्सनची मुलं जे. पी. स्टीव्हन्सला जातात, हूव्हर आणि जेफरसनची एडिसन हायला. घरांच्या किमतीतला फरक मुख्यतः इथून येतो, तेव्हा तुलना करायचीच तर त्या दोन हायस्कूलची वेगळी करा. मिडल स्कूलच्या रेटिंगवर तो भार टाकू नका.

ऑफर देण्याआधी घर नंबरासकट पत्ता सांगून डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसकडून शाळा लेखी मागून घ्या. लिस्टिंगमध्ये लिहिलेलं शाळेचं नाव चुकू शकतं आणि हद्दी बदलूही शकतात. बसचंही तेव्हाच विचारा. आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून 2 मैलांहून लांब असेल तर राज्याच्या नियमानुसार बस द्यावी लागते. 1.9 मैलांवर असाल तर सहसा ती डिस्ट्रिक्टच्या मर्जीवर, कदाचित पैसे भरून. अल्जिब्राच्या तुकड्या किती, वर्गात मुलं किती, असे आकडे फोनवर मिळाले नाहीत तर ओप्राखाली, म्हणजे सरकारी नोंदी मागण्याच्या राज्याच्या कायद्याखाली, त्याच्या नोंदी लेखी मागा. कामाच्या 7 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.