‘पट्टा बांधू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘व्हीलचेअर टेनिस : पालकांनो, सावध राहा’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज सध्या फिरतोय. तो माझ्या भाचीच्या घरी पोहोचला आणि रविवारी कोर्टवर यायला निघालेल्या मुलीला आईने घरी बसवलं. आता गप्प राहणं शक्य नाही.

पहिला मुद्दा, ‘वेगळं कोर्ट लागतं.’ साफ खोटं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमावलीतच व्हीलचेअर टेनिसचे नियम आहेत, ते वाचा. कोर्ट तेच, २३.७७ मीटर लांब. जाळी तीच, मधोमध ९१.४ सेंटिमीटर उंच. चेंडू आणि रॅकेटही तेच. मोठा फरक एवढाच की चेंडूला दोन टप्पे चालतात आणि दुसरा टप्पा कोर्टाबाहेर पडला तरी चालतो. खरी अडचण कोर्टाच्या दारात येते, ती मेसेजवाल्यांना माहीतच नाही. खेळाच्या खुर्चीची चाकं खाली फाकलेली असतात आणि जमिनीलगत ती जवळजवळ मीटरभर रुंद होते. कुंपणाच्या छोट्या दारातून ती जात नाही. मोठ्या फाटकाची किल्ली आधीच मागून ठेवा. नाहीतर खेळाडूला साध्या खुर्चीतून आत न्या आणि खेळाच्या खुर्चीची चाकं आसाचं बटण दाबून काढून ती मागून आणा. दारातल्या गटारावर जाड प्लायवूडची फळी टाका.

‘गावात दुसरा व्हीलचेअर खेळाडू नसेल तर उपयोग नाही.’ हेही त्याच नियमावलीने खोडलंय. चालता येणारा आणि खुर्चीतला एकमेकांशी किंवा जोडीने खेळू शकतात. खुर्चीतल्याला दोन टप्पे, उभ्याला एक. म्हणजे भाऊ, आत्या, शेजारचा मुलगा, कुणीही चालेल.

‘कायम खुर्चीत असणाऱ्यांसाठीच हा खेळ आहे.’ नाही. पोलिओमुळे कॅलिपर लावून चालणारे, जयपूर फूट वापरणारेही खेळतात.

आता चौथा मुद्दा, ज्याने मेसेज लिहिणाऱ्याचा खरंच राग आला : ‘पट्टा बांधू नका, खुर्ची उलटली तर मूल अडकेल.’ या एका वाक्यापायी कुणाचा तरी पाय मोडेल. वेगात जाऊन एक चाक धरून वळलं की खुर्ची अडते, पण अंग पुढे जातं. पोटाचे स्नायू काम करत नसतील तर तोल सावरायला काहीच नसतं आणि मूल थेट पायांवर कोसळतं. वर्षानुवर्षं भार न पेललेली हाडं ठिसूळ झालेली असतात. पायाला संवेदना नसेल तर हाड मोडलेलं कळतही नाही, संध्याकाळी सूज दिसते तेव्हा धावाधाव होते. पट्टा असेल तर मूल खुर्चीसकट कलंडतं आणि बराचसा मार चाकं अन् सांगाडा घेतात. वेल्क्रोचा पट्टा एका हाताने सुटतो. अडकण्याची भीती असेल तर आधी तोच सोडायचा सराव करून घ्या.

पूर्ण मागे सरकवून बसवा. पहिला पट्टा कमरेच्या हाडांवरून, पोटावरून नव्हे, आणि आत दोन बोटं जातील इतका. दुसरा मांड्यांवरून. तिसरा घोट्यांना, कारण पाऊल पायपाटीवरून निसटलं की पुढच्या छोट्या चाकाखाली जातं. लघवीची नळी पट्ट्याखाली दबू देऊ नका. मज्जारज्जूची दुखापत मानेत किंवा छातीच्या वरच्या मणक्यांत असेल, तर मूत्राशय तुंबून रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो. तसं दिसलं तर ताठ बसवून ठेवा, पट्टे सैल करा, नळी मोकळी करा. तरी उतरलं नाही तर लगेच हॉस्पिटल गाठा.

पाचव्या मुद्द्यात ‘खुर्ची लाखांची’ आणि ‘खांदे जातात’ असं एकत्र कोंबलंय. यात तथ्य आहे, मान्य करावंच लागेल. परदेशी खुर्ची लाखांत जाते. पण ओळख करून घ्यायला रोजची खुर्चीही चालते. हात टेकायचे दांडे काढा आणि मागे उलटू नये म्हणून मागची छोटी चाकं बसवून घ्या. तिच्यावर बसून फक्त जवळून हाताने टाकलेले चेंडू मारायचे, पळापळ नाही, कारण त्या खुर्चीची चाकं सरळ उभी असतात आणि झटक्यात वळताना ती कलंडते.

खांद्यांवर ताण येतो तो बहुतेक थांबलेली खुर्ची पुन्हा पुन्हा हलवताना. म्हणून फटका मारला की खुर्ची थांबवायची नाही, वळून फिरती ठेवायची. पहिली दहा मिनिटं चेंडूच नको. रॅकेटची मूठ आणि तळवा दोन्ही चाकाच्या कडीवर दाबून नुसते फेरे मारायचे. मग नारिंगी चेंडू घ्या, तो नेहमीच्या चेंडूपेक्षा निम्म्या वेगाचा असतो.

मज्जारज्जूची दुखापत मानेत असेल तर त्याखालच्या अंगाला घाम येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळी लवकर खेळा आणि पाण्याचा फवारा, ओला टॉवेल जवळ ठेवा. घरी गेल्यावर बैठकीची आणि पट्ट्याखालची त्वचा आरशात पाहा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो पूर्ण जाईपर्यंत त्या जागेवर भार देऊ नका.