तीन-पंचवीस लावून घ्यायची आहे? मग असं करा

मागच्या सोमवारी टेबलावर एक कॅरीबॅग आली. आत संत्रा बर्फीचा रिकामा डबा आणि डब्यात बारा बोरची सहा काडतुसं. त्यातल्या दोनांच्या पितळी बुडाला हिरवा गंज चढलेला. "वकीलसाहेब, बुढा गेला तवापासून घरीच हायेत. तुमच्याजवळ राहू द्या ना." एसटीनं आणली होती, मांडीवर ठेवून, बाजूला सोयाबीनच्या बियाण्याची थैली. एवढ्या उत्साही मंडळींना मार्गदर्शन कमी पडू नये म्हणून हा लेख. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ३ आणि २५, म्हणजे आपली लाडकी 'तीन-पंचवीस' अंगाला चिकटवून घेण्याचे खात्रीचे उपाय पुढं देतो आहे.

सुरुवात घरातूनच करावी. आबाजी गेले की तेरवी करा, फेरफार करा, सोसायटीचं कर्ज कोणाच्या नावावर चढवायचं यावरून भावाशी बोलणं बंद करा. पेटीतल्या बंदुकीचं मात्र नाव काढू नका. परवाना आबाजींच्या नावाचा होता, तो त्यांच्यासोबतच गेला, ही गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी नाही. कलम २१ सांगतं की ताबा बेकायदेशीर झाला की विनाविलंब जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं हत्यार आणि काडतुसं जमा करा. जमा केलेली बंदूक सरकार गिळत नाही. ठरल्या मुदतीत वारसाला परवाना मिळाला तर ती परत घेता येते, नाही तर विकता येते. पण जमा करायला जाणार कोण, पेरणी आहे, मग निंदण आहे, मग लगीनसराई आहे.

आबाजी जिवंत असतानाच काही करावं, हे तर आपल्यात अशुभच. २०१६ च्या शस्त्र नियमांतला नियम २५ म्हणतो की परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा त्याला आपल्या वारसाच्या नावे परवान्यासाठी पुढं होता येतं. आबाजी ८४ वर्षांचे होऊन गेले. नियम आल्यापासूनची सगळी वर्षं हाताशी होती. त्या वर्षांत तुम्ही चार मोबाइल बदलले.

दुसरा उपाय सोपा आहे: "एका काडतुसानं काय होते?" असं चारचौघांत म्हणत राहा. कायदा काडतुसं मोजत नाही. विनापरवाना बंदूक असो की दारूगोळा, कलम २५(१ब)(अ) एकच. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीआधी त्यात एक ते तीन वर्षं होती, आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षं, वर दंड. किमान शिक्षेच्या खाली यायचं तर न्यायाधीशांना निकालात खास कारणं लिहावी लागतात. शिक्षा तीन वर्षं किंवा त्याहून जास्त होऊ शकते म्हणून गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे जामीन ठाण्यात नाही, कोर्टातच मागायचा.

रिकाम्या पुंगळ्यांचं तोरण करून देव्हाऱ्यात लावणाऱ्यांसाठी: व्याख्येत दारूगोळ्याचे भागही येतात. जोडीच्या बाकी भागांसोबत वापरायचा हेतू नसेल तर कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, पण ती सूट कोर्टात मागायची असते आणि कोर्टात जाण्याआधी ठाण्यात रात्र काढायची असते.

दसऱ्याला शस्त्रपूजेचा फोटो स्टेटसला ठेवा, ठाण्यातल्या गोपनीय शाखेचं पेट्रोल वाचतं.

वाढदिवसाचा केक तलवारीनं कापा. त्याला तीन-पंचवीस नाही लागत, चार-पंचवीस लागते.

वरातीत बार काढा. २०१९ पासून आनंदाच्या गोळीबाराला स्वतंत्र कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामानं आहेर म्हणून एवढं करायला हरकत नाही.

आता मुख्य विषय, रानडुक्कर. तूर फुलोऱ्यात आली की रोज रात्री जागल, मचाणावर घोंगडी, हातात टॉर्च आणि डबा बडवायला काठी. सकाळी पाहावं तर एकराचा धुरा नांगरल्यासारखा. अशा माणसानं कायदेशीर मार्गानं बंदूक मागायची ठरवलीच, तर त्याला खचवायची सोय शासनानं उत्तम केली आहे. कायद्यात मात्र उलट लिहिलं आहे. कलम १३(३) प्रमाणे पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना अधिकाऱ्यानं 'द्यावा' असे शब्द आहेत, 'वाटलं तर द्यावा' असे नाहीत. ठासणीची पुरत नाही अशी खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. नाकारायचा तर कलम १४ खाली कारण लेखी द्यायचं, आणि कलम १८ खाली त्यावर अपील होतं. ठाण्याचा अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेता येतो, हेही कलम १३ मध्येच आहे. प्रत्यक्षात काय होतं? कलेक्टर कचेरीच्या गृह शाखेत फाइल, फाइल ठाण्यात, ठाण्यातून बीट जमादाराकडं, जमादार बंदोबस्तात. अहवाल येतो तेव्हा त्यात लिहिलेलं असतं, "अर्जदाराच्या जीवितास धोका दिसून येत नाही." अरे, त्यानं जिवाच्या धोक्यासाठी मागितलीच कुठं? तुरीसाठी मागितली! अर्जात पहिल्या ओळीत लिहिलं आहे! जमादार साहेब, डुक्कर खुनाची धमकी लिहून देत नाही! एवढं वाचायला किती वेळ लागतो?

आणि तुमचं गाव ताडोबा-अंधारी, टिपेश्वर, बोर, नागझिरा यांच्या कडेला असेल तर आणखी मजा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ३४: अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नाही. डुकरं जिथं सगळ्यात जास्त, तिथंच हा फेरा. वाघाच्या शेजारी बंदुका वाढू नयेत हे समजतं. पण ती संमती मागायचं पत्र कोण कोणाला पाठवणार, हे अर्जदाराला तीन खिडक्या फिरूनच कळतं. बरं, परवाना हातात आला म्हणजे डुक्कर मारता येतं असंही नाही. बंदूक बाळगायची परवानगी वेगळी, मारायची वेगळी. ती कलम ११ खाली वनविभागाकडून लेखीच घ्यावी लागते. १ एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत, हे पारावरच्या कोणाला सांगून पाहा.

एवढं सगळं पाहून मग आपला शेतकरी काय करतो? कुंपणात डायरेक्ट करंट सोडतो. नाही तर कणकेच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब धुऱ्यावर टाकून येतो. पुढं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शेजाऱ्याची गाय तो गोळा चावते आणि तिचा जबडा लोंबकळतो. करंटला डुक्कर सापडत नाही, रात्री लघवीला उठलेला चुलतभाऊ सापडतो. किंवा वाघ. मग स्फोटक पदार्थ अधिनियम १९०८, वन्यजीव कायदा, मनुष्यवध, असा सगळा बाजार एकाच घरात. ठासणीच्या बंदुकीला घाबरलेलं सरकार आणि दोन मीटर वायरला न घाबरणारा गावकरी, दोघांनी मिळून हे करून ठेवलं आहे.

निवडणूक लागली की बंदूक जमा करायची नोटीस येते. ती सगळ्यांनाच येऊ नये म्हणून छाननी समिती असते, जामिनावर असलेले, गुन्हे दाखल असलेले, दंगलीत नाव आलेले असे परवाने निवडायला. यातलं तुम्ही काहीच नसाल तर समितीचा आदेश मागू नका, जमा केल्याची पावती मागू नका, निकालानंतर परत आणायलाही जाऊ नका. दरम्यान परवान्याची मुदत संपू द्या. मुदत पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज किमान दोन महिने आधी द्यायचा असतो, पण बंदूकच घरात नाही तर परवाना कशाला पाहायचा?

बँकेत गनमॅनची नोकरी लावून देणारा दलाल भेटला तर त्याच्याकडून दूरच्या एखाद्या राज्याचा परवाना जरूर घ्या. त्या राज्यात पाय न ठेवता तिथले रहिवासी होण्याचा मान मिळतो. राष्ट्रीय डेटाबेसमधला युनिक नंबर तपासू नका. तो खोटा निघाला की बंदूक विनापरवाना ठरते, आणि दलालाचा फोन तोवर बंद झालेला असतो.

परवान्यात क्षेत्र लिहिलेलं असतं, तेही वाचू नका. वरुडहून पांढुर्ण्याला सोयऱ्याकडं जाताना राज्य बदलतं, हे नाक्यावरचा शिपाई समजावून सांगेल. काडतुसं एका वेळी किती ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची याचेही रकाने आहेत. जास्तीची निघाली की परवानाधारकसुद्धा आपल्या रांगेत.

आणि शेवटचा, गावातला सर्वमान्य उपाय: "विहिरीत टाकून दे ना बावा." टाका. उन्हाळ्यात गाळ काढायला मजूर लावाल तेव्हा काडतुसं वर येतील, आणि तोवर तुम्ही पुरावा नष्ट केल्याचं अर्ध्या गावाला सांगून झालेलं असेल.

झाली चेष्टा. आता नीट ऐका.

पेटीत काही सापडलं तर ते हातात घेऊन फिरू नका. आधी अर्ज, मग माल. साध्या कागदावर लिहा: कोण वारले, कधी वारले, परवाना क्रमांक, कोणतं हत्यार, काडतुसं किती, कोणत्या तारखेला सापडली. मृत्यूचा दाखला जोडा. एक प्रत ठाण्याला, एक पोलीस अधीक्षकांना, एक गृह शाखेला. ठाण्यात "साहेब नाहीत, उद्या या" म्हणाले तर पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि नाहीच दिली तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवा. जमा करताना स्टेशन डायरीचा नोंद क्रमांक मागा. विक्रेत्याकडं ठेवलं तर पावतीवर नग मोजून लिहून घ्या.

आणि पकडले गेलातच, तर तिथं हुशारी दाखवू नका. हवालदारासमोर "हो साहेब, मला माहीत होतं, बुढ्याची आठवण म्हणून ठेवली" हे वाक्य का बोलता? सगळी केस त्या एका 'माहीत होतं'वर उभी राहते! ताबा जाणीवपूर्वक हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं गुणवंतलाल प्रकरणात १९७२ मध्ये सांगितलं, संजय दत्त प्रकरणात १९९४ मध्ये पुन्हा सांगितलं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात येत नाही, पण "चला, गोठ्यात ठेवली आहेत, दाखवतो" म्हणून काढून दिलेली वस्तू येते. तुम्ही नेमकं तेच करता, वर चहाही पाजता.

पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. नग किती, बुडावर काय अक्षरं आहेत, जिवंत की फुटलेली, पाकिटाला सील लावलं का, हे त्यात असलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक नाही, आधी नोटिशीचा विचार करावा लागतो, म्हणून अटकेचं कारण विचारा. दोषारोपपत्र साठ दिवसांत आलं नाही तर जामिनाचा हक्क उभा राहतो, तो तुम्ही मागायचा, कोणी घरी आणून देत नाही. काडतूस जिवंत आहे हे प्रयोगशाळेनं सिद्ध करायचं असतं, गंज खाल्लेलं फुटलंच नाही तर अहवालात ते दिसलं पाहिजे. खटल्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते, शस्त्र अधिनियमाचं कलम ३९. ती पाहा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा किंवा १५१०० वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि त्यासाठी दोन एकर गहाण टाकावे लागत नाहीत, जे तुम्ही मला विचारायच्या आधीच टाकून मोकळे होता!

आज रात्री पेटी उघडा. माळ्यावरची, धान्याच्या कोठीमागची, आजीच्या लुगड्यांखालची, सगळ्या उघडा. जे निघेल ते मोजा, कागदावर लिहा आणि आहे तिथंच कुलूप लावून ठेवा. माझ्याकडं यायचं असेल तर तो कागद घेऊन या. डबा घेऊन येऊ नका.