झाडूही मारलाय आणि शॉकअपही खोललेत: एका प्रतिक्रियेला उत्तर

गेल्या आठवड्यात मी खाली बसवलेल्या गाडीच्या कॉइलओव्हरचं (स्प्रिंग आणि शॉकअपचा, उंची बदलता येणारा संच) डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा विरोध, कसा लावावा यावर लिहिलं होतं. सांगायचं होतं ते थोडक्यात असं: डॅम्पिंगचा नॉब स्प्रिंगला आवरण्यासाठी असतो, गाडी खाली घासू नये म्हणून तो आवळायचा नसतो. मऊ बाजूकडून सुरुवात करा, दोन-दोन क्लिक (नॉबचे टप्पे) वाढवा आणि गाडी डुलायची थांबली की तिथंच थांबा. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली. सोयीचं तेवढं उचललं असं कुणी म्हणू नये म्हणून पूर्ण देतो.

“लोअर केलेली गाडी मऊ ठेवायला सांगणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे. ट्रॅव्हल कमी असतो, मऊ ठेवली की बॉटम होणारच. माझी गाडी फुल हार्डवर आहे, समृद्धीवर १२०ला रुळावरून चालल्यासारखी चालते. कंपनीसुद्धा मधल्या क्लिकवरून सुरुवात करायला सांगते. आणि ‘८ क्लिक’ म्हणजे कुठून ८, तेही तुला धड लिहिता येत नाही. आधी एखाद्या गॅरेजमध्ये चार दिवस झाडू मार, मग लोकांना शिकव.”

(ट्रॅव्हल म्हणजे चाकाला वरखाली व्हायला असलेली जागा, बॉटम होणं म्हणजे ती जागा संपून गाडी आदळणं.) आधी ‘तू’चं बोलतो. आपली ओळख नाही, कधी भेट नाही. माझं वय पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, तुमचं मला ठाऊक नाही. तरीही मी तुम्हाला अहो-जाहोच करणार, कारण अनोळखी माणसाशी असंच बोलायचं असं आमच्या घरात शिकवलं गेलं. माझं चुकलं असेल तर चुकलं म्हणा, हजार वेळा म्हणा. त्यासाठी एकेरीवर यायची गरज नव्हती.

तुमचा एक मुद्दा बरोबर आहे आणि तो मी मान्य करतो. ‘८ क्लिक’ कुठून मोजायचे हे मी लिहिलं नव्हतं. मोजणी नेहमी पूर्ण कडक टोकाकडून करायची, कारण तिथं आतली, तेलाची वाट कमी-जास्त करणारी सुई आपल्या जागी टेकते आणि टोक नक्की सापडतं. मऊ टोकाला नॉब कधी अर्धा क्लिक जास्त फिरतो, कधी कमी. सुई टेकली की जोर लावायचा नाही, नाहीतर तिची बैठक खराब होते. मूळ लेखात ही दुरुस्ती केली आहे.

आता झाडूचं. हे वाक्य मी दोन दिवस सोडून द्यायचा प्रयत्न केला, सुटलं नाही. मी झाडू मारलेला आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या मामांचं गॅरेज होतं. १९९६ ते १९९८ अशा तीन उन्हाळी सुट्ट्या मी तिथं काढल्या आणि रोज सकाळी शटर उघडल्यावर पहिलं काम झाडूचंच असायचं. ऑइल सांडलेल्या फरशीवर आधी लाकडाचा भुसा टाकायचा, तो मुरू द्यायचा, मग लोटायचा. त्यानंतर चहा आणायचा. पाना हातात मिळाला तो दुसऱ्या सुट्टीत. तेव्हा ‘आधी झाडू मार’ ही तुम्हाला शिवी वाटत असेल, मला वाटत नाही. पण तुम्ही ती शिवी म्हणून दिलीत, आणि झाडू मारणारा पोरगा कमी दर्जाचा असं धरून दिलीत, ते मला लागलं. मामांच्या गॅरेजमधली निम्मी पोरं झाडूपासूनच मिस्त्री झाली.

त्याच गॅरेजमधली एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेचं उत्तर तिच्यात आहे. वडापची एक जीप यायची. दहा-बारा माणसं आत, दोन मागे लटकलेली, टपावर पोती. ड्रायव्हरची तक्रार एकच, मागून बसते आणि खड्ड्यात आदळते. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की कडक शॉकअप टाक. तो नवे शॉकअप हातात घेऊनच आला. मामांनी ते बाजूला ठेवले आणि मागच्या पाट्यांच्या (एकावर एक लांब पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) संचात एक पाटा वाढवला. म्हणाले, “वजन पाटा उचलतो. शॉकअप नुसता पाट्याला आवरतो.” तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पुढं इंजिनिअरिंगला हेच समीकरणातून शिकलो आणि ते मामांच्या वाक्यापेक्षा वेगळं निघालं नाही.

गाडी उभी असताना शॉकअप जवळजवळ काहीच वजन पेलत नाही. त्याचा विरोध वेगावर अवलंबून असतो. रॉड हलला तर विरोध, थांबला तर विरोध संपला. म्हणून नॉब कितीही आवळला तरी गाडीची उंची वाढत नाही. चाक फेंडरला घासत असेल, तर उंची वाढवा, कडक स्प्रिंग टाका, टायरची किंवा रिमची मापं तपासा. नॉबकडं त्याचं उत्तर नाही.

आणि मी ‘मऊ ठेवा’ म्हटलेलंच नाही. मी ‘मऊ बाजूकडून सुरुवात करा’ म्हटलं. ही दोन वाक्यं तुम्हाला एकच वाटत असतील, तर लेख पुन्हा एकदा सावकाश वाचा.

“मऊ ठेवली की बॉटम होणारच”, हे तुमचं मुख्य वाक्य. ते नीट घेऊ. माझ्या पोलोला पुढं ५ किलो प्रति मिलिमीटरची स्प्रिंग आहे. गाडीसोबत आलेली मूळ स्प्रिंग साधारण याच्या निम्मी धरा. पुढच्या एका चाकावर स्प्रिंगच्या वरचं वजन ३०० किलो धरलं, तर जुन्या स्प्रिंगवर गाडी सेकंदाला साधारण १.४ वेळा वरखाली होते आणि नव्यावर २ वेळा. स्प्रिंग दुप्पट कडक झाली म्हणून डॅम्पिंगही दुप्पट लागतं असा समज आहे. तसं नाही. लागणारं डॅम्पिंग स्प्रिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे वस्तुमान तेच असताना दुप्पट स्प्रिंगला सुमारे १.४ पट. त्याच्या पुढं आवळत गेलात तर नियंत्रण वाढत नाही, फक्त स्प्रिंगला परत उघडायला वेळ मिळेनासा होतो.

हा वेळ किती असतो? आपल्याकडच्या काँक्रीटच्या रस्त्यांवर साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे जवळजवळ पाच सांधे. दोन सांध्यांमध्ये चाकाला खाली परत यायला एक पंचमांश सेकंद मिळतो. एका नॉबच्या बहुतेक कॉइलओव्हरमध्ये नॉबचा जोर मुख्यतः रिबाउंडवर पडतो, म्हणजे रॉड बाहेर येताना. रिबाउंड फार कडक असेल, तर पहिल्या सांध्यावर दबलेलं चाक पूर्ण उघडायच्या आत दुसरा सांधा येतो. मग तिसरा, मग चौथा. सांधे उंचसखल झालेले असतील तर प्रत्येक ठोक्याला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअप पूर्ण दबताना धक्का झेलणाऱ्या रबरासारख्या ठोकळ्यावर चालते. मग खरंच आदळते. ड्रायव्हरला वाटतं मऊ आहे म्हणून आदळली, तो नॉब आणखी आवळतो. तुम्ही जे औषध सांगताय ते रोग वाढवणारं आहे.

मोठ्या खड्ड्यात तरी कडक नॉब वाचवेल का? फार थोडं. नॉबमधली सुई एक बारीक वाट उघडते किंवा बंद करते. रॉड हळू हलतो तेव्हा, म्हणजे वळणावर गाडी झुकताना किंवा ब्रेक मारल्यावर नाक खाली जाताना, बरंच तेल त्या वाटेनं जातं आणि क्लिकचा फरक लगेच कळतो. खड्ड्यात चाक पडतं तेव्हा रॉड झटक्यात हलतो. तेवढं तेल त्या बारीक वाटेत मावत नाही, ते पिस्टनवरच्या पातळ चकत्या वाकवून जातं. त्या चकत्या तुमच्या नॉबला जुमानत नाहीत. तिथं कामाला येतात स्प्रिंग, शिल्लक राहिलेला ट्रॅव्हल आणि बंप स्टॉप.

हे मी वाचून लिहिलेलं नाही. २०१८ साली मी कॉइलओव्हर बसवून घेतले, तेव्हा पुण्यातल्या एका गॅरेजनं पुढं-मागं २४ पैकी २४ क्लिक आवळून गाडी हातात दिली. “खाली आहे ना, हार्डच लागते,” हे त्यांचं स्पष्टीकरण. मी सात महिने तशीच चालवली, कारण मलाही तेव्हा तुमच्यासारखंच वाटायचं. जुलैमध्ये ताम्हिणीतून माणगावकडं उतरत होतो. पाऊस होता, डांबराला लाटा आलेल्या होत्या, वेग पन्नाससुद्धा नव्हता. डाव्या वळणावर पुढची चाकं रस्त्यावर टिकेनात, तडतडत उड्या मारू लागली आणि गाडीचं नाक सरळ समोरच्या लेनमध्ये गेलं. समोरून काही आलं नाही म्हणून आज हे लिहितोय. मागच्या सीटवर माझी आई होती.

म्हणून ‘जिवाशी खेळ’ हा शब्द माझ्यासाठी वापरताना तुम्ही जरा विचार करायला हवा होता. टायर रस्त्याला चिकटून असेल तरच तो वळतो आणि थांबतो. अति कडक शॉकअपवर चाक उंचवट्यामागून खाली येत नाही, तेवढा क्षण ते हवेत किंवा अर्धवट टेकलेलं असतं. ओल्या रस्त्यावर तेवढाच क्षण पुरतो.

त्यानंतर मी शॉकअपच्या रॉडवर केबल टाय बांधला. रबरी बूट वर सरकवून रॉडवर टाय आवळायचा, खाली शॉकअपच्या तोंडाशी ढकलून ठेवायचा आणि नेहमीच्या रस्त्यानं फिरून यायचं. शॉकअप जास्तीत जास्त जिथवर दबला तिथवर टाय वर सरकतो आणि तिथंच राहतो. तोच रस्ता, टायरमध्ये तीच हवा, गाडीत मी एकटा. पूर्ण कडक असताना टाय बंप स्टॉपला टेकला. कडक टोकाकडून १४ क्लिक सोडल्यावर बंप स्टॉपच्या अलीकडं १२ मिलिमीटर उरला. पुन्हा आवळून पाहिलं, पुन्हा टेकला. वहीत तारखेसकट लिहिलेलं आहे. आज माझी गाडी पुढं १४ आणि मागं १७ वर आहे. मागं वजन कमी, आणि पोलोला मागं स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळं पुढचा आकडा मागं चालत नाही. हे माझ्या गाडीचे आकडे आहेत, दुसऱ्या कुणी उचलू नयेत. गतिरोधक ओलांडल्यावर नाक एकदा वर येऊन जागेवर बसलं तर ठीक. दोन-तीनदा डुललं तर दोन क्लिक आवळा. बारीक खडबडीवर दात वाजायला लागले तर दोन सोडा. डावं-उजवं नेहमी सारखं ठेवायचं.

तुमचं बाकीचं म्हणणं. समृद्धीवर १२०ला गाडी चांगली चालते, आनंद आहे, तिथं कारला तेवढी मुभा आहे आणि रस्ता गुळगुळीत आहे. पण तुमच्या घरापासून समृद्धीपर्यंत रस्ता असेलच ना, त्याचं सांगा. कंपनीच्या पुस्तिकेतलं मधलं क्लिक मला माहीत आहे, पुस्तिका मीही वाचतो. तुमची स्वतःची गाडी फुल हार्डवर असताना तुम्ही मला मधलं क्लिक दाखवावं, हे मला समजलेलं नाही.

यावर तुमची आणखी एक प्रतिक्रिया आली होती, ती मी प्रसिद्ध केलेली नाही. तिच्यात शॉकअपबद्दल एक शब्द नव्हता. मतभेद इथं नेहमी छापले जातील, पण ते गाडीबद्दलचे हवेत.

आणि हे मनापासून म्हणतो. पुण्यात असाल किंवा येणार असाल, तर एका रविवारी सकाळी सातला चांदणी चौकात गाडी घेऊन या. पौडपर्यंत जाऊन येऊ, आधी तुमच्या फुल हार्डवर आणि मग दहा क्लिक सोडून. जॅक, पाना आणि केबल टाय मी आणतो. टाय तुम्ही बांधा, आकडाही तुम्हीच वाचा. तुमच्या गाडीवर माझं म्हणणं खोटं निघालं, तर तो आकडा इथं तुमच्या शब्दांत छापीन.