एका टॅगवर टेस्टिंग उरकणं आता बंद करा

वीट आलाय या प्रकाराचा! आरएफआयडी रीडरसमोर (मालावरचे टॅग रेडिओ लहरींनी वाचणारं यंत्र) एक टॅग धरायचा, स्क्रीनवर एक ओळ उमटली की ‘इंटिग्रेशन झालं’ असा मेल टाकायचा. पुढे गोदामाच्या दारातून ४० खोक्यांचं पॅलेट गेलं की सगळं कोसळतं, आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला? ईआरपी, म्हणजे रीडरचा डेटा जिथे जातो ती कंपनीच्या कारभाराची प्रणाली, सांभाळणाऱ्याला.

एका टॅगवर चाललं म्हणजे काहीही सिद्ध होत नाही. एक्सएमएलचं जेसन (दोन्ही डेटा लिहायच्या पद्धती) करणारे कितीतरी कन्व्हर्टर टॅग एकच असला तर ऑब्जेक्ट, म्हणजे सुटी नोंद देतात आणि दोन झाले की अ‍ॅरे, म्हणजे यादी. कोड लिहिलेला ऑब्जेक्ट धरून, त्यामुळे दुसऱ्याच टॅगला पार्सर (डेटा उलगडणारा कोड) आडवा. एलएलआरपीचं, म्हणजे रीडरशी बोलायच्या प्रोटोकॉलचं, तर त्याहून वाईट. ते टीसीपीवर चालतं, पोर्ट ५०८४, आणि मेसेज कुठे संपला हे टीसीपीला कळत नाही. म्हणून १० बाइटच्या हेडरमध्ये ४ बाइट लांबीसाठी ठेवलेत, आणि त्या लांबीत हेडरसुद्धा धरलेलं असतं. तेवढे बाइट जमेपर्यंत थांबायचं, एवढंच काम. तेही कुणी करत नाही! सॉकेट एकदा वाचायचं आणि जे हाती लागलं तोच अख्खा मेसेज समजायचा. टेबलावर हे खपून जातं, कारण एका टॅगचा रिपोर्ट इवलासा असतो. चाळीस टॅगांचा रिपोर्ट मध्येच तुटतो आणि तिथून पुढचा प्रत्येक बाइट सरकलेला.

ईपीसी, म्हणजे टॅगमधला ओळख क्रमांक, ९६ बिटांचा, म्हणजे १२ बाइट, म्हणजे हेक्समध्ये २४ अक्षरं. एवढं तरी पाठ असावं. मग ३२ अक्षरं आली की डेटाबेसचा कॉलम का रुंद करता? सुरुवातीला ३००० दिसतंय तो पीसी वर्ड (ईपीसीची लांबी वगैरे सांगणारा), शेवटची चार अक्षरं सीआरसी (चूक पकडण्यासाठीची). दोन्ही काढून टाका. १६च अक्षरं आली आणि त्यात लहान-मोठी लिपी मिसळलेली असेल, तर ते बेस६४ आहे (बाइट अक्षरांत लिहायची दुसरी पद्धत), आधी डीकोड करा. त्याच्यावर कुणीतरी अपरकेस फिरवतो आणि टॅगची ओळख कायमची जाते, परत मिळवायचा मार्गच राहत नाही. आणि ईपीसी आकडा म्हणून साठवू नका हो! जावास्क्रिप्टचा पूर्णांक ५३ बिटांपर्यंतच भरवशाचा. ९६ बिट कोंबले की शेपटाकडचे अंक बदलतात, आणि सिरीयल नंबर नेमका तिथेच असतो.

मग तक्रार येते, टॅगमधला जीटीआयएन (वस्तूचा १४ अंकी क्रमांक) ईआरपीतल्या वस्तूंच्या मास्टर यादीशी जुळत नाही. जुळेल कसा? एसजीटीआयएन-९६ मध्ये, म्हणजे जीटीआयएन आणि सिरीयल नंबर ९६ बिटांत बसवायच्या ईपीसीच्या रचनेत, चेक डिजिट (शेवटचा पडताळणीचा अंक) नसतोच. कंपनी प्रीफिक्स ०६१४१४१ आणि आयटम रेफरन्स ८१२३४५ घ्या. त्यातला पहिला ८ हा इंडिकेटर. तो उचलून सगळ्यात पुढे न्यायचा, मग ०६१४१४१, मग १२३४५, आणि शेवटी हिशोब करून येणारा चेक डिजिट, तोही इथे ८. झाला ८०६१४१४११२३४५८. प्रीफिक्सच्या सुरुवातीचं शून्य फालतू समजून गाळलंत तर सगळं बिघडलं. प्रीफिक्स किती अंकी ते टॅगमधलाच पार्टिशन नावाचा आकडा सांगतो, ५ असेल तर ७ अंक. तो वाचायचा सोडून लोक अंदाजाने कापाकापी करतात.

वेळेचाही तोच घोळ. एलएलआरपी १९७० पासून मोजलेले मायक्रोसेकंद देतं. ते मिलिसेकंद समजलात तर माल पन्नास हजारांच्या पुढच्या सनात पोचतो, आणि सेकंद मिलिसेकंद समजलात तर जानेवारी १९७० मध्ये. सिग्नलची ताकद -६० असताना १९६ दिसली, तर चिन्ह असलेला बाइट बिनचिन्हाचा वाचलाय. अँटेना बदलत बसू नका.

सगळ्यात जास्त चीड येते ती सर्व्हरची. डेटा साठवायच्या आधीच २००, म्हणजे ‘मिळालं’ असा एचटीटीपी कोड, परत करायचं! रीडरला वाटतं पोचलं, तो बफर रिकामा करतो, आणि वाचलेले टॅग हवेत विरतात. आधी साठवा, मग २०० द्या. उत्तर हरवलं तर रीडर तेच पुन्हा पाठवेल, एमक्यूटीटी या मेसेज प्रोटोकॉलच्या क्यूओएस १ वरही (‘किमान एकदा पोचवा’ ही पातळी) दुबार येतंच, म्हणून डुप्लिकेट गाळणं तुमच्याच बाजूला हवं.

पॅलेटभर टॅग घ्या. चालू असताना नेटवर्कची वायर उपटा, पुन्हा लावा. रीडरमधून निघालेले कच्चे बाइट फाइलमध्ये साठवा, फर्मवेअर बदललं की तशीच फाइल नव्याने काढून जुनीशी ताडून बघा. ती फाइल हातात नसेल तर कृपा करून फोन करू नका.