रताळ्यांच्या लेखाला गावाचा टॅग

गेल्या १ नोव्हेंबरला मी आमच्या शेतातील रताळ्यांच्या काढणीवर एक ललित लेख येथे टाकला आणि सवयीने त्याखाली #बेळगाव असा टॅग दिला. त्या दिवशी कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि आम्ही सीमाभागातील मराठी माणसे काळा दिन पाळतो, हे ठाऊक असूनही माझ्या ध्यानात आले नाही. संध्याकाळपर्यंत लेखाखाली महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरील महाजन अहवालापासून सर्वोच्च न्यायालयातील २००४ च्या दाव्यापर्यंत सारे येऊन गेले, दोन्हीकडच्या मंडळींनी एकमेकांना यथेच्छ सुनावले, आणि रताळ्याचे नाव मात्र एकाही प्रतिक्रियेत नव्हते. त्या मंडळींचे काहीच चुकले नाही, कारण पाटी मीच चुकीची लावली होती.

हॅशटॅगची कल्पना क्रिस मेसिना यांनी ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर मांडली, ती एका विषयावर बोलणारे एका जागी सापडावेत म्हणून. म्हणजे त्याचे काम ग्रंथालयातील विषयवार सूचीचे आहे. ज्या बेळगाव शहरात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, तेथील लेखकांना हे समजायला जड जाऊ नये. तरीही #मराठी #साहित्य #प्रेम #आयुष्य अशी वीस-वीस टॅगांची माळ कवितेखाली दिसते, तेव्हा एकच पुस्तक वीस कपाटांत कोंबण्याचा तो प्रकार वाटतो. #प्रेम उघडून तुमची कविता शोधत बसायला कोणाला सवड आहे?

त्याहून मोठी अडचण लेखनाची आहे. माझ्या शहराचे नाव जुन्या वळणाचे लोक अनुस्वार देऊन ‘बेळगांव’ लिहितात, नव्या नियमाने ते ‘बेळगाव’ होते, आणि २०१४ पासून सरकारदरबारी ‘बेळगावी’ आहे. वाचकाला एकच असलेले हे गाव यंत्राच्या लेखी तीन गावे ठरतात. टॅगमध्ये मोकळी जागा किंवा संयोगचिन्ह आले की तो तेथेच तुटतो. रोमन लिपीत मधली अक्षरे मोठी करून शब्द वेगळे दाखवता येतात, देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे #सीमाभागातीलग्रामीणसाहित्यसंमेलन हे एका दमात वाचता येत नाही. दोन शब्दांमध्ये अधोरेषा दिली तर टॅग तुटत नाही आणि डोळ्यांनाही त्रास होत नाही, पण आमच्याकडच्या कडोली किंवा येळ्ळूर या गावांतील साहित्य संमेलनाची छायाचित्रे टाकणारे आपल्यातले किती जण तेवढे कष्ट घेतात?

पंधरा दिवसांनी तोच लेख मी केवळ #रताळी एवढ्याच टॅगसह पुन्हा टाकला. प्रतिक्रिया पाचच आल्या. त्यांतली एक खानापूरकडच्या एका शेतकऱ्याची होती: “सर, तुम्ही कुदळीने काढणी लिहिलाय, आमच्यात आधी वेल कापून बाजूला करतात आणि मग बैलांचा नांगर घालतात.” नांगरामागून टोपल्या घेऊन वेचत जाणाऱ्या बायकांचे वर्णनही त्यांनी चार ओळींत केले होते, आणि ते माझ्या लेखापेक्षा सरस होते.