पाऊण तासाचं गणित

इंदूरहून मुंबईला विमानाने किती वेळ लागतो, हा प्रश्न इंदूरच्या रामबागेत मला पोह्यांच्या बशीबरोबर विचारला जातो. पोहे संपतात, शेव-जिरावण संपतं, माझं उत्तर संपत नाही. मावशींना एक आकडा हवा असतो आणि माझ्याकडे चार असतात.

पहिला सोपा. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण ५०५ किलोमीटर. रस्त्याने पावणेसहाशेच्या वर जातं, पण विमानाला सेंधव्याचा घाट लागत नाही की कसाऱ्याचा. जेट विमान वर गेलं की ताशी आठशेच्या आसपास पळतं. भागाकार केला की अडतीस मिनिटं. इथेच लोक पेन खाली ठेवतात आणि मुंबईच्या भाच्याला कळवतात, "पाऊण तासात पोचते रे!" भाचा बिचारा विमान उठायच्या आधीच घ्यायला हजर.

दुसरा आकडा प्रत्यक्ष हवेतल्या वेळेचा, आणि तो याहून मोठा निघतो. घात होतो तो 'वर गेलं की' या शब्दांत. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. उतरणंही जिन्यासारखं नसतं. वैमानिकांचा ढोबळ हिशेब दर हजार फुटांना तीन नाविक मैल. एक नाविक मैल १.८५२ किलोमीटरचा. तीस हजार फुटांवरून उतरायचं तर नव्वद नाविक मैल, म्हणजे १६७ किलोमीटर आधीच नाक खाली करावं लागतं. चढतानाही जवळजवळ तेवढंच अंतर खर्ची पडतं. उरलं काय? पाचशेतलं जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर सपाट आकाश. चहाची ट्रॉली मागच्या रांगेपर्यंत का पोचत नाही, ते यावरून समजून घ्यावं.

हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा जोरात असतो. त्यामुळे इंदूरला परत येणं जाण्यापेक्षा काही मिनिटं लवकर होतं. मावशींना हे आवडतं.

तिसरा आकडा तिकिटावरचा, सव्वा ते दीड तास. तो उड्डाणाचा नव्हेच. इथे चाकांखालचे अडथळे काढल्यापासून तिथे पुन्हा लावेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं त्यात आलं आणि मुंबईवरच्या घिरट्याही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणाने विमानं उतरवता येत नाहीत. मग वर रांग लागते. कंपन्या या वेळेत थोडी उशिराची जागाही ठेवतात, म्हणजे उशीर होऊनही 'वेळेवर' म्हणता येतं. माझ्या मते हाच त्यांचा खरा कारागिरीचा भाग.

चौथा आकडा दारापासून दारापर्यंतचा. सामान घेणारा काउंटर ६० मिनिटं आधी बंद, गेट साधारण २५ मिनिटं आधी. राजवाड्यापासून विमानतळ आठ-नऊ किलोमीटर, पण बडा गणपतीचा चौक विमानाचं वेळापत्रक वाचत नाही. म्हणून घरातून अडीच तास आधी निघायचं. पलीकडे पट्ट्यावर बॅगेची वाट, मग अंधेरीहून डोंबिवली. बेरीज सहा तासांच्या घरात जाते. अवंतिका एक्सप्रेसला रात्र लागते खरी, पण ती रात्र झोपेत जाते.

मावशी सगळं शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "म्हणजे दशम्या बरोबर घेऊ की नको?"

घ्या. लोणचं मात्र हातातल्या पिशवीत नको, मोठ्या बॅगेत टाका.